एकाच लहरीवर आठ संभाषणे

मिरज जंक्शनवर एके काळी तीन वेगवेगळ्या रुंदीचे लोहमार्ग येऊन मिळत : १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज, १००० मिलिमीटरचा मीटरगेज आणि ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज. प्रत्येक मार्ग आपापल्या जागी ठीक होता. पण एका मार्गावरचा डबा दुसऱ्यावर जाऊ शकत नसे. प्रवाशांना सामानासह गाडी बदलावी लागे आणि पोती हमालांच्या पाठीवरून या डब्यातून त्या डब्यात जात. यंत्रे चांगली असणे पुरेसे नसते; ती एकमेकांशी जुळावीत म्हणून मापे आणि नियम आधी ठरवावे लागतात. अशा ठरवून घेतलेल्या मापांना आणि नियमांना आपण ‘मानक’ म्हणतो.

१९८०च्या दशकात युरोपातील मोबाइल टेलिफोनची अवस्था मिरज जंक्शनसारखीच होती. स्कँडिनेव्हियातील देशांची एक पद्धत, ब्रिटनची दुसरी, पश्चिम जर्मनीची तिसरी, फ्रान्सची चौथी. जर्मनीतला मोटारीत बसविलेला फोन सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेला की मुका होई. यावर उपाय शोधण्यासाठी युरोपातील टपाल व दूरसंचार खात्यांच्या संघटनेने १९८२ साली एक अभ्यासगट नेमला. त्याच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरे म्हणजे ‘जीएसएम’. १९८६ मध्ये पॅरिस येथे निरनिराळ्या प्रायोगिक यंत्रणांची तुलना झाली. ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगन येथे १३ देशांतील दूरसंचार संस्थांनी एकच पद्धत स्वीकारण्याच्या करारावर सह्या केल्या. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये या पद्धतीच्या व्यापारी जाळ्यावरून पहिले संभाषण झाले. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला, तोही याच मानकानुसार.

त्यानंतर मोबाइलच्या आणखी तीन पिढ्या आल्या. तरीही समजावून सांगण्यासाठी आम्ही जीएसएमच निवडले आहे. यातील बहुतेक आकडे नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला फळ्यावर गुणाकार-भागाकार करून पडताळता येतात, आणि एखादे मानक ठरविताना कोणत्या अडचणी येतात तेही यात स्वच्छ दिसते.

टंचाई लहरींची

मोबाइलचा आवाज रेडिओलहरींवरून जातो. लहरी फुकट मिळतात असे वाटते, पण त्यांच्या वारंवारतेचा पट्टा शेतजमिनीसारखा मर्यादित असतो. दूरदर्शन, विमाने, पोलीस, सैन्य अशा सर्वांना त्यातून वाटा द्यावा लागतो. जीएसएमच्या मूळ योजनेत फोनने बोलण्यासाठी ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ आणि मनोऱ्याने बोलण्यासाठी ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झ असे दोन पट्टे आले. प्रत्येक पट्टा २५ मेगाहर्ट्झ रुंद. त्यात २०० किलोहर्ट्झ म्हणजे ०.२ मेगाहर्ट्झ रुंदीच्या मार्गिका आखल्या. २५ ला ०.२ ने भागले की १२५ येतात; कडेच्या पट्ट्यांशी टक्कर होऊ नये म्हणून जागा सोडल्यावर १२४ मार्गिका उरतात.

एका मार्गिकेवर आठ जण बोलू शकतात. ते कसे, हे पुढे पाहू. म्हणजे एका वेळी १२४ × ८ = ९९२ संभाषणे. कोटीहून अधिक वस्तीच्या मुंबईसारख्या शहरात एका वेळी हजार माणसेसुद्धा बोलू शकणार नसतील, तर त्या टेलिफोनचा उपयोग काय?

याचे उत्तर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ सालीच सुचले होते. शहराच्या मध्यभागी एक उंच, शक्तिशाली मनोरा उभारण्याऐवजी शहराची लहान लहान घरे पाडायची आणि प्रत्येक घरात कमी शक्तीचा मनोरा ठेवायचा. लहर अंतराबरोबर क्षीण होते. त्यामुळे एका घरात वापरलेली मार्गिका थोडे अंतर सोडून दुसऱ्या घरात पुन्हा वापरता येते. कागदावर ही घरे मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्‌कोनी काढतात. प्रत्यक्षात टेकड्या आणि इमारती यांमुळे त्यांचे आकार वेडेवाकडे असतात. एका षट्‌कोनाभोवती सहा षट्‌कोन बसतात. या सातांना वेगवेगळ्या मार्गिका दिल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १७ मार्गिका, म्हणजे १७ × ८ = १३६ जागा येतात. सात घरांचा हा गट शहरभर पुन्हा पुन्हा मांडायचा. वस्ती दाट असेल तेथे घरे आणखी लहान करायची. मनोरे जितके जास्त, तितकी प्रत्येकाची शक्ती कमी आणि जाळ्याची एकूण क्षमता अधिक.

काळाचे आठ तुकडे

आता आठ जणांचा प्रश्न. एकाच मार्गिकेवर आठ जण एकाच वेळी बोलले तर वर्गात गोंगाट व्हावा तसे होईल. म्हणून जीएसएमने काळ वाटून दिला. ४.६१५ मिलिसेकंदांची एक ‘चौकट’ घ्यायची आणि तिचे आठ समान भाग करायचे. प्रत्येक भाग सुमारे ०.५७७ मिलिसेकंदांचा. पहिला फोन पहिल्या भागात बोलतो आणि उरलेले सात भाग गप्प राहतो. आठव्याची पाळी झाली की पुन्हा पहिला. सेकंदात प्रत्येकाची पाळी सुमारे २१७ वेळा येते, त्यामुळे बोलणाऱ्याला मधला खंड जाणवत नाही.

ही २१७ ची पाळी आपण कानांनी ऐकलेली आहे. स्नेहसंमेलनात ध्वनिवर्धकाच्या वायरीजवळ मोबाइल ठेवला की फोन येण्याच्या किंचित आधी कर्ण्यातून ‘टर्र टर्र’ असा आवाज येई. फोन लहर सलग न सोडता झटक्यांनी सोडतो. प्रत्येक झटक्याची शक्ती २ वॉटपर्यंत असू शकते. हे झटके वायरीत शिरतात आणि त्यांची सेकंदाला २१७ ही गती आपल्या श्रवणमर्यादेत येत असल्याने ऐकू येतात. ९०० मेगाहर्ट्झची मूळ लहर मात्र आपल्याला कधीच ऐकू येणार नाही.

पाळी काटेकोर पाळायची तर एक अडचण उभी राहते. लहरीचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर असला तरी तो अमर्याद नाही. मनोऱ्यापासून २० किलोमीटर दूर असलेल्या फोनचा झटका जवळच्या फोनपेक्षा उशिरा पोचेल आणि पुढच्याच्या पाळीत घुसेल. म्हणून मनोरा प्रत्येक फोनला ‘तू इतका वेळ आधी बोल’ अशी सूचना देत राहतो. या सूचनेचे एकक म्हणजे एका बिटाचा काळ, ३.६९ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात लहर सुमारे ११०७ मीटर जाते. जाऊन-येऊन हिशेब असल्याने एक एकक म्हणजे सुमारे ५५३ मीटर अंतर. सूचनेसाठी सहा बिट राखलेले आहेत, त्यांत ० ते ६३ हे आकडे मावतात. ६३ × ५५३ मीटर म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर. म्हणूनच नेहमीच्या मांडणीत जीएसएम मनोऱ्याची मर्यादा ३५ किलोमीटर आहे. कोकण किनाऱ्यावरून समुद्रात गेलेल्या होडीला त्यापलीकडे मनोरा ‘ऐकू’ आला तरी संभाषण जुळत नाही. लहर पोचते, पण तिची वेळ चुकते.

आवाजाचे अंक

फोन आपल्या पाळीत आवाज सोडत नाही, तो अंक सोडतो. मायक्रोफोनमधून आलेला आवाज सेकंदात ८००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजणी १३ बिटांत लिहिली जाते. गुणाकार केला तर सेकंदाला १ लाख ४ हजार बिट होतात. आठ जणांना वाटून दिलेल्या मार्गिकेत एवढे बिट मावणे शक्य नाही. जीएसएमच्या मूळ पद्धतीत ते सेकंदाला १३,००० वर, म्हणजे आठव्या हिश्श्यावर आणले आहेत.

हे कसे साधते ते कळण्यासाठी ‘आ’ म्हणा आणि सूर न बदलता ‘ई’ म्हणा. स्वरतंतूंचे कंपन तेच राहते. बदलतो तो फक्त जिभेचा आणि तोंडाच्या पोकळीचा आकार. जीभ आणि ओठ ही मांसाची अवजारे असल्याने फार वेगाने हलू शकत नाहीत. २० मिलिसेकंदांत त्यांचा आकार जवळजवळ तोच राहतो. मग सगळ्या मोजण्या पाठविण्यापेक्षा दर २० मिलिसेकंदांनी पोकळीचा आकार सांगणारे काही अंक आणि तिला मिळालेल्या कंपनाचे वर्णन पाठविले तरी चालते. पलीकडचा फोन त्यावरून आवाज नव्याने ‘घडवितो’. २० मिलिसेकंदांच्या तुकड्यासाठी २६० बिट लागतात. त्यांपैकी ३६ पोकळीच्या आकारासाठी आणि बाकीचे कंपनासाठी असतात.

हे गणित माणसाच्या बोलण्यावर बेतलेले आहे. म्हणून अशा फोनवरून बोलणे नीट कळते, पण तंबोऱ्याचा किंवा सनईचा सूर चिरफाळलेला ऐकू येतो. त्या वाद्यांचा देह आपल्या घशासारखा नसतो.

चुका होणारच, हे धरून

रेडिओलहर इमारतींवर आदळत, वळत येते. काही बिट वाटेत बिघडतातच. मानक करणाऱ्यांनी चूक टाळण्यापेक्षा ती दुरुस्त करण्यावर भर दिला. टेलिफोनवर नाव सांगताना आपण ‘प, पतंगाचा प’ म्हणतो. जादा शब्द वापरून चुकीची शक्यता कमी करतो. येथेही जादा बिट जोडलेले असतात. मात्र सर्व बिटांना सारखी वागणूक नसते. २६० पैकी सर्वांत महत्त्वाच्या ५० बिटांना तपासणीचे ३ बिट जोडतात. हे ५० आणि नंतरचे १३२ बिट यांना दुप्पट करणारे संरक्षण मिळते. उरलेले ७८ बिट तसेच जातात, कारण ते बिघडले तरी आवाजात थोडी खरखर येते, एवढेच. अशा रीतीने २६० चे ४५६ बिट होतात. तपासणीत ते ५० बिट चुकीचे निघाले तर फोन तो तुकडाच टाकून देतो आणि आधीच्या तुकड्यावरून वेळ भागवितो.

यापुढची युक्ती आम्हाला सर्वांत आवडते. मोटार पुलाखालून जाते तेव्हा एखादा अख्खा झटका हरवू शकतो. सलग बिट हरवले तर दुरुस्ती अशक्य होते. म्हणून ४५६ बिट ५७ च्या आठ गटांत विखरून आठ वेगवेगळ्या झटक्यांत पाठवितात. प्रत्येक झटक्यात दोन तुकड्यांचे ५७-५७ बिट असतात. एक झटका हरवला तर दोन तुकड्यांचा फक्त आठवा हिस्सा जातो, आणि तोही विखुरलेला. असे विखुरलेले नुकसान जादा बिटांच्या मदतीने भरून काढता येते.

फोन सापडतो कसा?

मुंबईचा क्रमांक असलेले गृहस्थ नागपूरला गेले आहेत आणि त्यांना साताऱ्याहून फोन येतो. ते कोठे आहेत हे जाळ्याला कसे कळते?

शाळेतील जनरल रजिस्टर आठवा. विद्यार्थ्याची कायमची नोंद तेथे असते. आज तो कोणत्या वर्गात बसला आहे ते त्या वर्गाच्या हजेरीपटावरून कळते. मोबाइल कंपनीकडेही एक कायमची नोंदवही असते. फोन सुरू केला किंवा नव्या विभागात शिरला की तो ‘मी येथे आहे’ असे कळवितो. तेथील एक्सचेंज त्याची पाहुण्यांच्या वहीत तात्पुरती नोंद करते आणि कायमच्या नोंदवहीला वर्दी देते. साताऱ्याहून फोन आला की आधी कायमची नोंदवही पाहिली जाते आणि मग संभाषण नागपूरच्या एक्सचेंजकडे वळविले जाते. त्या विभागातील सर्व मनोरे त्या फोनला हाका मारतात. फोन ओ देतो आणि घंटी वाजते.

संभाषण चालू असताना गाडी एका घरातून दुसऱ्या घरात शिरली तर? फोनला गप्प राहण्याच्या भागांत मोकळा वेळ असतो. त्या वेळात तो शेजारच्या मनोऱ्यांचा जोर मोजतो आणि जवळपास दर अर्ध्या सेकंदाला अहवाल पाठवितो. कोणत्या मनोऱ्याकडे जायचे हा निर्णय मात्र जाळे घेते.

ओळख एकाच बाजूची

फोन खऱ्या ग्राहकाचा आहे हे कशावरून? सिमकार्डात १२८ बिटांची एक गुप्त संख्या असते. तीच संख्या कंपनीच्या केंद्रात असते, तिसरीकडे कोठेही नाही. ही संख्या हवेतून कधीच पाठवीत नाहीत. केंद्र एक यादृच्छिक संख्या पाठविते. सिम ती आणि गुप्त संख्या मिसळून ३२ बिटांचे उत्तर देते. केंद्र तेच गणित करून उत्तर ताडून पाहते. याच वेळी संभाषण गुप्त ठेवणारी किल्लीही तयार होते.

कल्पना सुंदर आहे, पण तिच्यात दोन उणिवा राहिल्या. पहिली अशी, की मानकाचे बाकीचे भाग खुले असताना गुप्ततेची गणिते झाकून ठेवण्यात आली. कुलुपाची रचना सर्वांना ठाऊक असूनही किल्लीशिवाय ते उघडू नये, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहॉफ यांनी १८८३ सालीच मांडले होते. झाकलेली गणिते शेवटी बाहेर आलीच. १९९८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अनेक कंपन्यांच्या सिममधील गणित दुबळे असल्याचे दाखविले. २००९ मध्ये संभाषणावरील आवरण फोडण्याची साधने उघडपणे उपलब्ध झाली. तज्ज्ञांना आधीच परीक्षा घेऊ दिली असती तर हे दोष फोन खिशांत पोचण्यापूर्वी सापडले असते.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. जाळे फोनची ओळख पटवून घेते, पण फोन जाळ्याची ओळख पटवून घेत नाही. शाळेने पालकाचे ओळखपत्र पाहावे, पण पालकाने ही खरोखर शाळाच आहे का हे विचारू नये, तसे हे झाले. १९८७ मध्ये मनोऱ्याची यंत्रणा इतकी महाग होती, की कोणी बनावट मनोरा उभारील ही शंकाच दूरची वाटे. आज ती यंत्रणा पेटीत मावते. अशा बनावट मनोऱ्यांतून बँकेच्या नावाने फसवे संदेश पाठविल्याची प्रकरणे अनेक देशांत उघडकीस आली आहेत. तिसऱ्या पिढीच्या मानकात दोन्ही बाजूंनी ओळख पटविण्याची सोय झाली. पण फोनला दुसऱ्या पिढीवर उतरण्यास भाग पाडले की जुनी उणीव पुन्हा जागी होते. म्हणून काही नव्या फोनांत दुसरी पिढी बंद ठेवण्याची सोय दिलेली असते. संदेशावर पाठविणाऱ्याचे नाव दिसते म्हणून तो त्याचाच आहे असे धरू नये, हे विद्यार्थ्यांना आणि पालकांना सांगताना त्यामागचे हे कारणही सांगावे.

मराठीला सत्तरच अक्षरे का?

३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पहिला एसएमएस गेला. हे संदेश जाळ्याच्या अंतर्गत सूचनांच्या वाटेवरून जातात आणि तेथे एका संदेशाला १४० बाइट, म्हणजे ११२० बिट जागा आहे. युरोपीय भाषांसाठी केलेल्या तक्त्यात प्रत्येक अक्षराला ७ बिट पुरतात. ११२० ÷ ७ = १६०. देवनागरी त्या तक्त्यात नव्हती. तिच्यासाठी १६ बिटांची पद्धत वापरावी लागते. ११२० ÷ १६ = ७०. संदेशात एक जरी देवनागरी अक्षर असले तरी सगळा संदेश १६ बिटांचा होतो. शिवाय मात्रा आणि हलन्त चिन्ह वेगळे मोजले जातात. ‘विद्यार्थी’ या शब्दाला व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी अशा दहा जागा लागतात. ७० ची मर्यादा ओलांडली की संदेशाचे ६७-६७ चे तुकडे पडतात आणि पैसे तुकड्यांवर लागतात. मराठी मजकूर रोमन लिपीत लिहिण्याची सवय ज्या कारणांनी जडली, त्यांत हेही एक होते. पुढे मानकात भारतीय लिपींसाठी ७ बिटांचे तक्ते घालण्यात आले. पण दोन्ही टोकांच्या फोनांना ते ठाऊक असल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही.

ज्यांनी तो मूळ तक्ता केला त्यांच्या मनात मराठीविषयी आकस नव्हता. ती भाषा बोलणारे कोणी त्या बैठकीत नव्हते, एवढेच. पाचव्या पिढीच्या वेळी चित्र थोडे बदलले. एकमेकांपासून सहा किलोमीटर अंतरावरील मनोऱ्यांनी ग्रामीण भाग व्यापण्याची निकड भारतीय तज्ज्ञांनी मांडली आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने पाचव्या पिढीच्या कसोट्यांत तिचा समावेश केला. अमेरिकेतील आणि ऑस्ट्रेलियातील मोठ्या कंपन्यांनी जीएसएमची जाळी २०१६-१७ च्या सुमारास बंद केली. आपल्याकडे मात्र बटणांच्या साध्या फोनांमुळे ते टिकून राहिले. मानक एकदा रुजले की ते काढायला दशके लागतात. म्हणून ते ठरत असतानाच आपली गरज मांडलेली बरी.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. फळ्यावर षट्‌कोनांचे जाळे काढून सात रंगांनी असे रंगवा, की कोणतेही दोन शेजारी एका रंगाचे नसतील आणि सात रंगांचा गट पुन्हा पुन्हा येईल. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी अ² + अब + ब² या सूत्रात अ = २, ब = १ घालून ७ मिळवावेत आणि इतर कोणत्या संख्यांचे गट करता येतील ते शोधावे.

२. आठ विद्यार्थ्यांना आठ वाक्ये द्या. टाळीच्या ठेक्यावर प्रत्येकाने आपल्या पाळीला एकच शब्द बोलावा. ऐकणाऱ्याने फक्त तिसऱ्याचे शब्द लिहून वाक्य जुळवावे. मग एकाला मुद्दाम उशिरा बोलायला सांगा आणि काय बिघडते ते पाहा.

३. आठ अक्षरांचा एक शब्द असे आठ शब्द आठ ओळींत लिहा. एक ओळ पुसा : एक शब्द कायमचा गेला. आता तेच शब्द उभ्या स्तंभांत लिहून एक आडवी ओळ पुसा. प्रत्येक शब्दाचे एकच अक्षर जाईल आणि मुले सगळे शब्द ओळखतील.

४. एका विद्यार्थ्याशी ७ ही गुप्त संख्या ठरवा. तुम्ही २३ म्हणालात की त्याने गुणाकाराचा शेवटचा अंक, १, सांगावा. वर्गातील चलाख मुले एकदोन उत्तरांतच ७ ओळखतील. मग विचारा, ओळखता येणार नाही असे गणित कसे असावे लागेल?